शोभानं घडवलेलं छप्पर

मंडळी, आज साताऱ्याला जाऊन आलो. तिथल्या एका जुन्या इमारतीचं तांब्याचं छप्पर आम्ही नव्वदच्या दशकात नव्यानं केलं होतं. परवा फांदी पडून एक पत्रा चेपला, म्हणून मला बोलावलं.

सोबत तरुण इंजिनियर बाई परांचीवर चढल्या. पत्र्यांच्या सांध्यांवर हात फिरवत म्हणाल्या, "काका, एवढ्या वर्षांत एकही सांधा सुटला नाही. या घड्या कुणी घातल्या?"

"माझ्या बायकोनं."

खरंच. सांगलीच्या आमच्या शेडमध्ये प्रत्येक पत्रा शोभानं तापवून, ठोकून, दुमडून दिला. मी फक्त वर बसवला. काम संपल्यावर ती म्हणाली होती, "मला बी एकदा वर न्या की. कसं दिसतंय बघू."

मी म्हणालो, "बायका छपरावर चढल्या तर लोक हसतील."

आज संध्याकाळी घरी आल्यावर तिला मोबाईलवर छपराचे फोटो दाखवले. म्हटलं, "उद्या चल, बघून येऊ."

"आता गुडघं चढू देत्यात व्हय?" म्हणाली, आणि फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिली.

मला तिथं बसवेना, उठून अंगणात आलो.

तुमच्या घरातल्या कुणाला असं स्वतःचंच काम बघायचं राहिलंय का? पाय चालतायत तोवर घेऊन जा.