पुढचं मॉडेल येऊन राहिलं

नव्या यंत्रांबद्दल सगळ्यात जास्त मतं असलेला आणि सगळ्यात कमी यंत्रं विकत घेतलेला माणूस उभ्या छत्तीसगडात शोधायचा झाला, तर शोधणाऱ्याने रायपूरच्या बुढापाऱ्यात यावं, तलावाकडे पाठ करून पहिल्या गल्लीत शिरावं आणि जिथे ओट्यावर वेताच्या खुर्चीत एक गृहस्थ वर्तमानपत्रातलं व्यापाराचं पान नाकाशी धरून बसलेले दिसतील, तिथे हाक मारावी. ते माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आमची मुळं विदर्भातली, तिकडे साडूला साडभाऊ म्हणतात. ते मला साडभाऊ म्हणतात, मीही त्यांना साडभाऊच म्हणतो. सारी नोकरी त्यांनी सिंचन खात्यात हेडक्लार्क म्हणून काढली. कालवे, पाटाचं पाणी आणि त्यावरून होणारी भांडणं यांत माणसाचं एक आयुष्य सहज जातं. पण यांचं लक्ष कायम मोबाइलच्या कंपन्यांकडे. या कंपन्या आपल्याला न विचारता नवा फोन बाजारात आणतात, ही गोष्ट त्यांनी अजून मनाने स्वीकारलेली नाही.

आमचं राज्य आणि आमचे मोबाइल साधारण एकाच सुमारास आले. रायपूर राजधानी झालं, गल्लीबोळातून लाल दिव्याच्या गाड्या वाट काढू लागल्या आणि ज्याला त्याला वाटू लागलं की राजधानीत राहायचं तर खिशात फोन हवा. त्या काळी आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे आपल्यालाच पडत. साडभाऊंनी ओट्यावरून जाहीर केलं, "पाहुणा आपल्या घरी येईन, अन् त्याच्या रिक्षाचं भाडंही आपणच द्यायचं? हे काही टिकत नाही. थांबा सारे." आम्ही थांबलो. आणि खरोखरच काही दिवसांत येणारे फोन फुकट झाले. हा निर्णय कुणी कुठे घेतला असेल तो असो, बुढापाऱ्यात त्याचं श्रेय साडभाऊंच्या नावावर जमा झालं, आणि त्यांनीही ते नाकारलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाजच पडला. रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरहून आलेलं घर असो की मराठ्यांच्या अमलापासून इथे रुजलेलं, घरात विजेवरची वस्तू यायची तर आधी साडभाऊंचा शब्द घ्यायचा. पत्रिका गुरुजींना दाखवावी तशी लोकं रविवारी सकाळी जाहिरातीचे कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, सगळ्यांपुढे चिवडा ठेवीत. साडभाऊ एकेकाचं म्हणणं मन लावून ऐकत, बॅटरी विचारत, वजन विचारत, कंपनीच्या मालकाची चालचलणूक विचारत आणि डोळे मिटून निकाल देत, "घेऊ नका. पुढचं मॉडेल येऊन राहिलं." पुढचं मॉडेल येई तेव्हा त्याच्याही पुढचं घरून निघालेलं असे. अशाने कित्येक घरांत जाड टीव्ही त्यांच्या वयापेक्षा जास्त चालले. खुद्द ताईंचं कपडे धुण्याचं मशीन इतकी वर्षं 'येऊन राहिलं' होतं की त्यांनी त्याचा नाद सोडून दिला. ताई एकदा भर बैठकीत म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, मले पाहाले आले तवा यायनं पेपर वाचला नव्हता. नाही तर म्हटलं असतं, थांबा, धाकटी येऊन राहिली." सारी बैठक हसली. धाकटी म्हणजे माझी बायको, त्यामुळे मला त्या विनोदावर अजून मोकळेपणाने हसता आलेलं नाही.

परदेशातल्या कंपन्यांच्या भानगडी ते भावकीतल्या गोष्टींसारख्या बोलत. दोन कंपन्या एक झाल्याची बातमी आली की म्हणत, "सोयरीक जमली, पण पोरगी सुखी राहत नाही तिथं." एखाद्या कंपनीने शेकड्याने माणसं काढली तर त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागत नसे. फोनच्या डब्यात चार्जर देणं बंद झालं तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले. "पोहे द्यायचे अन् तर्रीचे पैसे वेगळे मागायचे? काहून? यायच्या घरी कोणी म्हातारं माणूस नाही का सांगायले?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये ऑफिसात काम करतो. लोखंडाच्या सळ्या सोडून मला जगात कशाचीच माहिती नाही.

एका वर्षी त्यांना न विचारता मी फोन घेतला आणि त्याची शिक्षाही भोगली. त्यांचं म्हणणं असं की हे सगळे फोन थंड देशात तपासतात, ती तपासणी आपल्या काय कामाची? ऐन मे महिन्यात त्यांनी माझा नवाकोरा फोन हातातून काढून घेतला, गच्चीवर नेला आणि ताईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांच्या आणि कुरडयांच्या मधोमध ठेवून दिला. आम्ही खाली कूलरसमोर आंब्याचं पन्हं पीत बसलो. माझा जीव वर अडकलेला. दुपार टळल्यावर वर गेलो तर फोनने आपण फार तापलो असल्याची सूचना लावून डोळे मिटले होते. साडभाऊंनी एक कुरडई उचलून कडकन मोडून पाहिली आणि म्हणाले, "हे पाहा, यायले काही झालं का? वस्तू अशी पाहिजे." चौकातल्या मोबाइलच्या दुकानदारानेही त्यांचा असाच धसका घेतला होता. ते दिसले की तो गिऱ्हाइकं सोडून पुढे येई, त्यांना आतल्या खुर्चीत बसवी आणि चहा मागवी. कारण बाहेर उभे राहिले तर आलेलं गिऱ्हाईक पुढच्या मॉडेलची वाट पाहायला घरी जाई. "काकाजी, आप खुद कब लेंगे?" असं त्याने एकदा काकुळतीला येऊन विचारलं. "जब बनाने वाले का मन ठिकाने पे आएगा," असं सांगून साडभाऊ चहा पिऊन परत आले.

या सगळ्या बैठकींत त्यांची एक कायमची श्रोती होती, त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर बसे आणि लोकं निकालाची वाट पाहत असताना आधीच ओठांनी 'थांबा' म्हणून दाखवी. तिला दप्तर घ्यायचं असो की कॅल्क्युलेटर, ती आधी विचारी, "बाबा, घेऊ का?" इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर हवा होता तेव्हाही तिने विचारलं आणि अर्थातच थांबली, पहिलं वर्ष तिने आमच्या घरच्या जुन्या खटाऱ्यावर काढलं. पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. आपलं म्हणणं मानणारं एक माणूस घरात आहे, याचा साडभाऊंना किती आधार होता ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. पुढे तिला बंगळूरला सॉफ्टवेअरची नोकरी लागली. साडभाऊ सांगत सुटले, "आता आपली पोट्टीच आत बसली आहे, पहिली बातमी आपल्याले येईन." ती फोनवर म्हणे, "बाबा, मी बँकेचं काम करते. मोबाइलचं मले काय माहीत?"

ती गेली आणि हळूहळू बैठकही विरली. नव्या पोरांनी हातातल्या फोनवरच पुढचा फोन पाहायला आणि घरबसल्या मागवायला सुरुवात केली. चिवडा उरू लागला. साडभाऊ तरी रविवारी अंघोळ आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत, "काय मग, काही नवीन घेऊन राहिले का?" आमचा एक भाचा, बायकोच्या चुलत बहिणीचा मुलगा, स्कूटरवरूनच म्हणाला, "ले लिया मौसाजी, पिछले हफ्ते. रिव्ह्यू देख लिया था." त्याने फोन दाखवला. साडभाऊंनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "चांगला आहे." मी शेजारीच होतो. या माणसाने उभ्या जन्मात कुठल्या यंत्राला चांगलं म्हटलं नव्हतं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "भाऊजींची तब्येत दाखवून घ्याले पाहिजे."

त्या दिवाळीला मुलगी घरी आली ती वडिलांसाठी फोन घेऊनच. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ डबा हातात ठेवला. आम्ही सारे जवळ सरकलो. कधी नव्हे तो घरात नवा फोन आला होता, तोही पुढच्या मॉडेलची वाट न पाहता. साडभाऊंनी डबा उघडला, आत पाहिलं आणि म्हणाले, "चांगला आहे." मुलीचा चेहरा पडला. तिला भांडण हवं होतं. मग घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूची होते तशी त्याची पूजा झाली; हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. संध्याकाळी चार्जर काही केल्या आत जाईना. साडभाऊंच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी चमक दिसली. "पाह्यलं? मी म्हणतच होतो. या मॉडेलमध्ये चार्जिंगचा दोष आहे!" ते कंपनीच्या मालकाच्या घराण्यापर्यंत पोचले असतील-नसतील, तेवढ्यात मी शहाण्यासारखा सुई घेऊन चार्जिंगच्या भोकातला कुंकवाचा तांदूळ बाहेर काढला. फोन चार्ज होऊ लागला आणि साडभाऊ पुन्हा गप्प झाले. तो दाणा तिथेच राहू दिला असता तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं.

जाण्याआधी मुलीने त्यांना फोनशी बोलायला शिकवलं. काहीही विचारा, तो उत्तर देतो म्हणाली. साडभाऊंनी घसा साफ करून विचारलं, "अच्छा मोबाइल कौन सा है?" फोनने गोड आवाजात एकामागून एक नावं वाचून दाखवली. साडभाऊंनी सगळी ऐकून घेतली आणि फोन पालथा ठेवला. "इतकी नावं सांगून राहिला, पण मत एकाही फोनबद्दल नाही त्याले. नावं तर दुकानदारही सांगते. 'घेऊ नका' म्हणायले छाती लागते." मुलगी हसली आणि त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर टेकली. ती आता त्या दांडीवर मावत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही नवराबायको तिथे बसलो असताना तिचा फोन आला. ताईंनी आवाज मोठा केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक विचारायचं आहे. कंपनी मले अमेरिकेले पाठवून राहिली. जाऊ का?"

खूप दिवसांनी कुणीतरी त्यांना विचारलं होतं, आणि विचारलं होतं ते हे. ताई दारात उभ्या राहिल्या. बायकोने माझा हात धरला. उत्तर काय येणार ते आम्हाला पाठ होतं, आणि ताईंना तर तेच हवं होतं. साडभाऊंनी आधी प्रश्न विचारले, अगदी फोनबद्दल विचारत तसेच. किती दिवसांसाठी? कंपनी टिकणारी आहे का? थंडी किती पडते? जेवणाचं काय? तिने सगळं सांगितलं आणि ती थांबली. लहानपणी खुर्चीच्या दांडीवर थांबे तशीच. साडभाऊंनी डोळे मिटले.

"जा," ते म्हणाले. "थांबू नको."

 पलीकडून "हव बाबा" एवढंच आलं. फोन ठेवल्यावर ताई आत गेल्या. साडभाऊ मला ओट्याच्या टोकाशी घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "साडभाऊ, घाई तर नाही झाली ना?" या माणसाच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, "नाही, बरोबर सांगितलं तुम्ही." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की गच्चीवर तापलेल्या माझ्या फोनचं सारं दुःख मी तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

आता रविवारी सकाळी पुन्हा बैठक भरते. चिवड्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवतात आणि त्यात मुलगी दिसते. तिकडे शनिवारची रात्र असते. साडभाऊ इस्त्रीच्या शर्टात तयार असतात, फोन यायच्या कितीतरी आधीपासून. ज्यांनी साऱ्या रायपूरला वाट पाहायला लावली, ते आता घड्याळाकडे पाहत बसतात. गेल्या रविवारी मी गेलो होतो. मुलीने नुकताच बाजारात आलेला एक फोन पडद्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, पाहा कसा आहे. तुमच्यासाठी पाठवून देऊ?"

साडभाऊंनी चष्मा पुसला. फोन फिरवून दाखवायला लावला, बॅटरी विचारली, वजन विचारलं, डब्यात चार्जर देतात का ते विचारलं. जुना रंग चढलेला पाहून मी खुर्ची पुढे ओढली.

"नको, घेऊ नको," ते म्हणाले. "याच्या पुढचं मॉडेल कवा येते?"

"पुढच्या दिवाळीले, बाबा."

"मंग थांब. अन् पाठवू नको. दिवाळीले तूच घेऊन ये."

ताई पदराने फोनचा पडदा पुसायला लागल्या, तो स्वच्छच होता. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो, कारण मला त्या वेळी वर पाहायचं नव्हतं.