मंदाच्या हातची गुटी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय बाजूला सारते — जणू त्याला ठाऊकच नाही! मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मंदाला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांपुढे माझी जीभ उचलत नाही.

सुरुवात टीव्हीपासून करते. तिथून करणं मला सोपं जातं, कारण तिथवर माझा काही दोष नाही.

शहराला आम्ही तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. घरोघरी केबल आली होती आणि एक नवी मालिका सुरू झाली होती. निजामाच्या राज्यातलं बडं देशमुख घराणं, त्यांची जमीनदारी, भाऊबंदकी, आणि गोष्ट म्हणे पार पोलीस ॲक्शनपर्यंत जाणार. आपल्या भागाची गोष्ट, आपल्या बोलीत, टीव्हीवर! आमची कॉलनी वेडी व्हायची तेवढी बाकी होती.

मालिकेच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. कोपऱ्यावरच्या घरातले अण्णा मूळचे पाचोडचे. देशमुखाचा फेटा चुकीचा बांधलाय म्हणून ते दर भागाला तणतणायचे, आणि पुढचा भाग काही चुकवायचे नाहीत. समोरच्या शैलाला नुसते दागिने बघायचे असत. आणि माझ्या सासूबाई — पिशोरच्या, सगळा जन्म शेतात गेलेला — पडद्यावर थोरले सरकार आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या. आम्ही पोट धरून हसायचो. "हसा," त्या म्हणायच्या. "मला काय कळत नाय व्हय? नाटक हाय ते. पन मानूस केवढं मोठं दाखवलंय!"

त्यांना कळत होतं. हे एवढं ध्यानात ठेवा.

मंदा माझी शेजारीण. शेजारीण कसली — मैत्रीण. गणपतीत बायकांचं नाटक बसायचं त्यात आम्ही दोघी कामं करायचो. तिला मूल झालं नाही. पण कॉलनीतलं एकही बाळ तिच्या हातावाचून वाढलं नाही. कुणाकडे बाळ आलं की न्हाऊमाखू झाल्यावर मंदा हजर. गुलमंडीवरून स्वतः निवडून आणलेलं जायफळ, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग — सगळ्याचे मोजके वेढे ती आईच्या दुधात सहाणेवर उगाळायची आणि बाळाला मांडीवर घेऊन बोटानं ती गुटी चाटवायची. माझ्या दोन्ही पोरांना तिनंच चाटवली. बाळ मांडीवर आलं की तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी अगदी जवळून बघितलंय. तिला त्या घटकेचं किती अप्रूप होतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मालिकेचं थोडं चित्रीकरण दौलताबादच्या बाजूला व्हायचं होतं. इथली बोली बोलणाऱ्या बायका हव्या होत्या. मंदा निघाली आणि मी सोबत गेले. कॉलनीत सांगताना मी 'सोबत' असाच शब्द वापरला. पण मग लग्नातली पैठणी कशाला काढली होती मी? आरशापुढे उभी राहून संवाद कशाला पाठ केले होते? तिथल्या माणसानं मंदाकडून दोन वाक्यं म्हणवून घेतली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. मला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

झाले बाजूला. तिची पर्स सांभाळत संध्याकाळपर्यंत बसले.

मंदाला काम मिळालं ते आत्याबाईचं. देशमुखांची विधवा बहीण, जी घराण्याच्या तान्ह्या वारसाला विष घालते. कशातून? गुटीतून. मंदाचे सहाणेवर फिरणारे हात बघून ते लोक म्हणे हरखून गेले होते.

तो भाग आम्ही सगळ्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत बघितला. मंदाही होती. पडद्यावर तिनं बोट बाळाच्या ओठांकडे नेलं आणि सासूबाई ओरडल्या, "अगं सटवे, नको पाजू त्या लेकराला! इख हाय त्यात!" आणि भाग संपताच शेजारी बसलेल्या मंदाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "लई ब्येस केलंस गं पोरी. काटा आला माझ्या अंगावर."

दुसऱ्या दिवसापासून मंदाचं जगच बदललं. भाजीवाली म्हणायची, "गवार देते, पन लेकराला का मारलंस बाई?" रिक्षावाले वळून बघायचे. पोरं 'आत्याबाई, आत्याबाई' करत मागे धावायची. मंदा हसायची, लाजायची. लोकांच्या त्या शिव्यांवर ती नुसती फुलली होती. आणि मला कुणी काहीच म्हणत नव्हतं. माझ्या पोटात दुखत होतं — दुसरं काय?

त्याच दिवसांत शैलाला नातू झाला. मी बघायला गेले. शैला बाहेर चहा टाकत होती, खोलीत सून एकटी. पहिलटकरीण, कोवळी पोर. बाळ किरकिर करून तिला झोपू देत नव्हतं. ती म्हणाली, उद्यापासून मंदाकाकू येणार आहेत गुटी द्यायला.

आता सांगते.

मी तिच्याजवळ बसले. धुरीचा निखारा सारखा करता करता, अगदी सहज म्हणावं तसं म्हणाले — बघ बाई, तुझं तू ठरव, पण आमच्या सासूबाई म्हणत होत्या, मूल नसलेल्या बाईच्या मनात काय असतं ते कळत नाही. टीव्हीवर असलं काम उगाच कुणाला जमतं का, म्हणत होत्या. जुनं माणूस आहे, मी काही मानत नाही. पण म्हणत होत्या.

सासूबाई काहीही म्हणत नव्हत्या. त्यातला शब्द न् शब्द माझा होता.

दुसऱ्या दिवशी मंदा सहाण घेऊन गेली, तेव्हा बाळाला सर्दी असल्याचं तिला सांगण्यात आलं. पुढच्या दिवशी बाळ झोपलं होतं. मग मागच्या गल्लीतल्या बाळंतिणीनं दुकानातली तयार बाटली आणली. वावडी फिरत फिरत मंदाच्या कानावर गेली आणि गेली ती सासूबाईंच्या नावानं. कुणालाही ते खोटं वाटलं नाही. टीव्हीपुढे पदर सारखा करणारी बाई! तिला नाटक आणि खरं यातलं काय कळणार? सगळे कीव केल्यासारखे हसले. मी पण हसले.

मंदा आमच्याकडे येईनाशी झाली. भांडली नाही, विचारायला आली नाही. वडीलधाऱ्या बाईला काय विचारायचं, असं तिला वाटलं असणार. सासूबाई मात्र दारात बसून तिची वाट बघायच्या. "मंदा का येईना गं?" त्या मला विचारायच्या. मी सांगायची, तिला शूटिंग असतं. मंदाचं काम कधीच संपलं होतं. मेलेल्या बाळाबरोबर आत्याबाईलाही गोष्टीतून काढून टाकलं होतं. पुढे मालिकाही अर्ध्यातच गुंडाळली, पोलीस ॲक्शन काही आलीच नाही. तरी सासूबाई मालिका लागायच्या वेळी टीव्हीपुढे बसायच्या आणि एक जागा धरून ठेवायच्या.

त्या गेल्या त्या दिवशी मंदा फाटकापर्यंत आली. आत आली नाही. तिथूनच हात जोडले आणि परत गेली. मी ते खिडकीतून बघितलं. तेव्हा जाऊन बोलता आलं असतं ना? सासूबाई तिथंच होत्या, त्यांच्या पायाशी बसून बोलता आलं असतं. मी भेटायला आलेल्यांना पाणी देत राहिले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मालिकेचं नाव कॉलनीत कुणाला आठवत नाही. मधल्या काळात किती बाळं आली, मोठी झाली. मंदाला कुणी बोलावलं नाही. तिनंही बोलावणं येईल म्हणून बघणं सोडलं.

मध्यंतरी लेक बाळंतपणाला आली. मुलगी झाली. परवा सकाळच्या उन्हात नातीला घेऊन मी अंगणात उभी होते, तर पलीकडे मंदा. केस पांढरे झालेत तिचे. कुंपणाशी येऊन ती बघत राहिली. मी नात तिच्यापुढे धरली. तिनं दोन्ही हात पदराला पुसले, पूर्वी पुसायची तसेच, आणि पुढे केले. मग थांबली. हात मागे घेतले.

"नको गं," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाईंना आवडलं नसतं."

रागानं नाही म्हणाली. गेलेल्या माणसाचा मान ठेवावा, तशी म्हणाली.

नातीला मी परत छातीशी घेतलं आणि "ऊन वाढलं" म्हणून घरात आले.