पाकटाची शेपटी

नात कॉलेजातून आली की तिच्या अ‍ॅप्रनला फॉर्मलिनचा वास असतो. आज त्याच वासात बसून ती मोबाइलवर वाचत होती, “आजोबा, ठिपक्यांचा पाकट मासा ही आता एकच जात धरत नाहीत. अटलांटिकमधला वेगळा, आपल्याकडचा वेगळा. आपल्याकडच्याची शेपटी जास्त लांब असते.”

मी तिला ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

ऐंशी सालाच्या आसपास मी वर्ध्याला प्राणिशास्त्र शिकवायचो. समुद्र कधीच न पाहिलेल्या पोरांसमोर मी बरणीतला पाकट ट्रेमध्ये काढून ठेवला होता. काळी पाठ, पांढरे ठिपके, घारीसारखे पसरलेले पंख. वासानं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वडनेरची सुनंदा तेवढी नाकाला ओढणी लावून त्याच्या शेपटीवर दोरा धरत होती.

“सर, हा पुस्तकातला नाई वाटत. याची शेपटी लय लांब हाय. मी तीनदा मोजली.”

परदेशी पुस्तकावर माझा देवासारखा विश्वास. “बरणीवर नाव लिहून हाय, दिसत नाई का तुले? पुस्तकवाल्याहून शहाणी झाली का तू?”

वर्ग खदखदून हसला. तिच्या जर्नलमधल्या मापावर मी लाल रेघ ओढली.

ती जाग्यावर गेली, आपलं माप खोडलं, पुस्तकातला आकडा उतरवला आणि जर्नल पुन्हा माझ्यापुढे ठेवलं.

मी तिला दहापैकी दहा मार्क दिले.