तिसऱ्या बाजूचा दुसरा ड्रमर

चार माणसांचं एकाच गोष्टीवर प्रेम बसलं की त्यांचं एकमत होणं बंद होतं, आणि एकमत होईनासं झालं की किस्से साठायला लागतात. आमचे तर इतके साठलेत की आमच्यातले दोघं जरी कुणाच्या लग्नात भेटले तरी समोरचं ताट गार होतं. बायका लांबूनच म्हणतात, "बसले बघा, आता उठायचे नाहीत!"

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरची. आमचं दैवत म्हणजे विलायतेतला 'रस्टी लँटर्न्स' नावाचा रॉक बँड. आम्ही हाफ पँटीत होतो तेव्हापासून ते वाजवत होते. आम्हाला मिशा फुटल्या आणि त्यांची पोटं सुटायला लागली, तरी वाजवतच होते. शहरात त्यांचे चाहते मोजून चार. शुक्रवार पेठेतला मी, शाळेत क्लार्क. सिद्धू, म्हणजे सिद्रामप्पा, बापाच्या कापडदुकानात गादीवर बसणारा. सलीम, रेडिओ दुरुस्तीवाला. आणि व्यंकटेश, म्हणजे व्यंक्या, साखर पेठेतल्या विणकराचा मुलगा, बी.कॉम. होऊन नोकरीच्या शोधात. बार्शीला एक पाचवे होते, त्यांच्याकडे पुढे येतोच.

तर एक दिवस सिद्धूचा जहाजावर काम करणारा आत्तेभाऊ मुंबईला उतरला आणि त्यानं एक डबल एल.पी. पाठवली. लँटर्न्सची नवी रेकॉर्ड, पण आतली गाणी पंधरा वर्षांपूर्वीची! स्टुडिओच्या कपाटात पडून राहिलेल्या टेप, कधीच न छापलेल्या. कव्हरवर तसं लिहिलंच होतं.

आता पंचाईत अशी की सलीमच्या प्लेअरची सुई तुटलेली. नवी यायला आठ दिवस. पण आम्ही काय थांबतोय! "कपाटातलं कपाटातच राहायला पाहिजे होतं," असं मी म्हणालो. सिद्धू म्हणाला, "काय बे सुध्या, न ऐकताच निकाल लावलालास?" आणि स्वतः न ऐकताच तासभर कौतुक केलं. आठ दिवस आम्ही नुसतं कव्हर समोर ठेवून भांडलो. दोनदा तर ओरडाआरडा ऐकून शेजारी डोकावून गेले.

नवव्या दिवशी सलीमनं सुई बसवली, हात पुसले आणि म्हणाला, "अब सुन लेव मियाँ, फिर नवे सिरे से लडो!"

*

ऐकायचं कुठं, हा प्रश्नच होता. सिद्धूच्या अप्पांना दुकानावरच्या खोलीत असलं काही चालायचं नाही. माझ्या घरी बहिणीची परीक्षा. सलीमच्या दुकानात गिऱ्हाईक. उरलं व्यंक्याचं घर. तिथं हातमागाच्या खोलीला लागून एक छोटी खोली होती, मधे कमरेएवढी भिंत. खोलीत सुताचे गठ्ठे रचलेले. सलीमनं टाळी वाजवून बघितली आणि जाहीर केलं, "आवाज घुमताच नै. बंबई में ऐसा कमरा नै मिलने का!"

भिंतीपलीकडे व्यंक्याचे वडील, नरसय्यामामा, खड्ड्यातल्या मागावर साडी विणत बसलेले असायचे. पहिल्या रविवारी रेकॉर्डची पहिली बाजू संपली तेव्हा ते भिंतीवरून बघून म्हणाले, "झालं काय? दिवाळीपर्यंत वाजवा. दिवाळीनंतर हितं दुसरा माग बसणार. त्याच्यावर हा बसणार." हा म्हणजे व्यंक्या.

तेव्हापासून आमच्या डोक्यावर दिवाळी टांगलेली होती. आम्हाला खोलीची काळजी. व्यंक्याला खोली तर हवी होतीच, पण त्याला त्याहून जास्त हवी होती ती त्याच्या नायनाकडून, म्हणजे वडलांकडून, एक कबुली. आपला मुलगा जे ऐकतो ते अगदीच टाकाऊ नाही, एवढीच. वर्षभर बापलेकांत 'जेवलास का'च्या पुढं बोलणं गेलेलं नव्हतं. तो आम्हाला एकदा म्हणाला, "माग लावू दे की बे. पण एकदा तोंडानं म्हणू दे, बरं वाजवतात म्हणून."

*

रेकॉर्डनं आमच्यात दोन पक्ष पाडले. मी आणि व्यंक्या पक्के, म्हणजे पूर्वी छापून आलेली घासूनपुसून केलेली गाणी मानणारे. सिद्धू कच्चा. त्याला या जुन्या टेपमधलं चुकलेलं, अडखळलेलं सगळं ग्रेट वाटायचं.

एकदा तो उभा राहून बोलायलाच लागला. "शेंगाचटणी मिक्सरची लागते का उखळातली? उखळातली! का? कारण दाणा दाताखाली येतो. हे गाणं उखळातलं हाय!"

मी म्हटलं, "दाणा येऊ दे रे. तू तर टरफलं पण खायलास!"

सिद्धू दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो डबाभर चटणी घेऊन. आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली. कुणाच्याही दाताखाली टरफल आलं नाही, आणि ते त्यानं प्रत्येकाला विचारून खात्री करून घेतलं.

*

दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात सुरुवातीलाच कुणीतरी खोकतं. मग हसण्याचा आवाज, मग गाणं परत पहिल्यापासून. आता, खोकलं कोण? सिद्धू म्हणाला, गायक. व्यंक्या म्हणाला, ड्रमर, कारण आवाज मागून येतो. मी म्हणालो, दार उघडून चहावाला आला असेल. त्यावर दोघांनी मिळून माझा असा अपमान केला की तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

सलीमला पंच नेमलं. त्यानं सुई उचलून परत तिथंच ठेवायची, आम्ही कान लावायचा. असं चाळीसेक वेळा झालं असेल. शेवटी रेकॉर्डची ती जागाच झिजली. सुई तिथं आली की अडकायची आणि एकच खोकला परत परत. खोक, खोक, खोक.

भिंतीपलीकडून नरसय्यामामांचा आवाज आला, "अरे पोरांनो, त्या बिचाऱ्याला कुणी अडुळशाचा काढा द्या की!"

आम्ही हसून हसून लोळलो. व्यंक्या मात्र हसला नाही. "बघ," म्हणाला, "त्यांना ही चेष्टाच वाटते."

*

आता बार्शीचे पाचवे. मोकाशी सर, तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. पन्नाशीचे, धोतर-कोट घालणारे, आणि लँटर्न्सचे असे भक्त की गाण्याच्या ओळीवरून विद्यार्थ्यांना व्याकरण समजावायचे. त्यांचं कार्ड आलं, "रेकॉर्डची प्रत करून धाडावी. जीव टांगणीला लागला आहे."

सलीमकडे कॅसेट रेकॉर्डर होता, पण प्लेअरला जोडायची वायर नव्हती. मग ठरलं की स्पीकरसमोर माइक धरायचा. माइक सिद्धूनं हातात धरला, हात हलला तर म्हणून कोपर सुताच्या गठ्ठ्यावर टेकवलं. आम्ही बंदोबस्त तरी किती केला! पंखा बंद. खिडकी बंद. व्यंक्याच्या आईला सांगितलं, भांडी वाजवू नका. बाहेरच्या पोरांना गोळ्या वाटून दुसऱ्या गल्लीत हाकललं. भिंतीवरचं घड्याळ काढून रजईत गुंडाळलं. कुणी खोकायचं नाही, कारण रेकॉर्डमधला खोकला पुरेसा होता. चार बाजू, दोन कॅसेट, आणि घामानं निथळणारे आम्ही चौघं.

शेवटचं गाणं संपल्यावर सलीमनं बटण दाबलं आणि म्हणाला, "सुई पडे तो बी सुनने आती इत्ती शांतता थी!"

दोन्ही कॅसेट त्याच दिवशी बार्शीच्या एस.टी.त कंडक्टरच्या हाती दिल्या.

*

आठवड्यानं सरांचं पत्र आलं. तीन पानी. सिद्धूनं मोठ्यानं वाचलं.

"मित्रहो, धन्य झालो. परंतु तिसऱ्या बाजूला वाजवणारा हा दुसरा ड्रमर कोण? कोरडा, लाकडी ठेका. मूळ ड्रमरपेक्षा कितीतरी संयमी. गिटार वर चढते तेव्हा हा मुद्दाम मागे राहतो. कव्हरवर त्याचं नाव आहे काय, कृपया कळवावे."

आम्ही कव्हर उलटंपालटं केलं. ड्रमर एकच. तिसरी बाजू परत ऐकली. दुसरा कुणी नाही! मग काय, चार रविवार त्यावर गेले. सिद्धू म्हणाला, बार्शीची हवा कोरडी, कॅसेट तडकली असेल. सलीम म्हणाला, सरांच्या मशीनमधे नुक्स. मी म्हणालो, वयोमानानं कान वाजत असतील. आणि आम्ही सरांना तसं कळवलंही, जरा सभ्य शब्दांत.

सरांचं उत्तर ताबडतोब आलं आणि त्यात राग होता. "माझे कान शाबूत आहेत. पुरावा देतो. तिसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात हा वादक मध्येच थांबतो, तब्बल वीस ठोके गप्प राहतो, आणि पुन्हा येतो तो बरोबर समेवर. हे काय कानाच्या दोषानं ऐकू येतं?"

व्यंक्यानं ते पत्र सिद्धूच्या हातून घेतलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग भिंतीकडं बघितलं. पलीकडं मागाचा धोटा इकडून तिकडं पळत होता, खटक-खट, खटक-खट.

"धागा तुटला होता बे," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी नायनाचा धागा तुटला होता."

आम्ही घड्याळ रजईत गुंडाळलं होतं आणि माग चालू ठेवला होता! मामा त्या दिवशी मधेच येऊन तिसऱ्या बाजूपुरते मागावर बसले होते. त्या घरात जन्म गेलेल्या व्यंक्याला तो ऐकू येत नव्हता, आणि दर रविवारी तिथं बसून बसून आम्हालाही येईनासा झाला होता. सोलापुरात मागाचा आवाज म्हणजे शांतताच की!

*

सरांना सांगायचं का, यावर मतदान घेतलं. दोन विरुद्ध दोन. तेवढ्यात कार्ड आलं की सर स्वतः येतायत, मूळ रेकॉर्ड ऐकायला. दिवाळी दहा दिवसांवर होती. नव्या मागाची लाकडं अंगणात येऊन पडलेली होती.

रविवारी दुपारी सर एस.टी.नं आले. कोट, छत्री, हातात सोललेल्या उसाची पिशवी. नरसय्यामामा विणलेल्या साड्या पोचवायला गेले होते, माग बंद होता. सरांना सुताच्या गठ्ठ्यावर बसवलं. सलीमनं थेट तिसरी बाजू लावली.

सर डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे उघडले. "यात तो नाही," म्हणाले. गाणं संपलं. सरांचा चेहरा इतका उतरला की मला स्वतःची लाज वाटली. "कंपनीनं कापला त्याला," ते म्हणाले. "उत्तम माणसालाच कापतात."

व्यंक्यानं सांगायला तोंड उघडलं, आणि पलीकडे दार वाजलं. नरसय्यामामा आले. पाय धुतले, मागाच्या खड्ड्यात उतरले आणि कामाला लागले. खटक-खट. खटक-खट.

सर ताठ झाले. उठले, चपला काढल्या, आणि अनवाणी भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. व्यंक्या पांढरा पडला. आता हे म्हातारे काहीतरी बोलणार, नायना भडकणार, आणि दिवाळीच्या आधीच आपला कार्यक्रम आटोपणार!

सरांनी मामांच्या हातांकडं बघितलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "यांनी टेप केली त्या दिवशी तिसऱ्या बाजूला तुम्ही मध्ये थांबला होतात."

मामा हात न थांबवता म्हणाले, "धागा तुटला होता."

"आणि पुन्हा सुरू केलंत ते बरोबर गाण्याच्या समेवर."

"मग?" मामा म्हणाले. "मधेच कुठंबी घुसायचं व्हय? ती पोरं वाजवाय लागलेली असताना?"

व्यंक्या माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस निळा होता.

सरांनी नुसते हात जोडले. मामांनी त्यांच्याकडं बघितलं, मग भिंतीवरून मान वर करून थेट व्यंक्याकडं बघितलं आणि माग थांबवला.

"ओरे व्यंकटेशम," ते म्हणाले, "ती बाजू परत लाव. मघाशी मी नव्हतो."