राणूटाक्याचं टपाल

टपालतात्या पत्र कधी सरळ हातात देत नसत. पत्र डोक्यावर उंच धरून आधी विचारत, "सांगा, आपल्या गावाला राणूटाके का म्हनत्यात?" उत्तर चुकलं की उंबऱ्यात बसकण मारून चहा संपेपर्यंत खरं उत्तर ऐकवत. लष्करातल्या मामाचं पत्र आलं की माझी आई, पाटलांची सून असूनही, दारातनंच ओरडायची, "आवं तात्या, बाईच हुती राणू! आना ते पत्र!"

आमचं गाव कोरेगावच्या पूर्वेला, शिखर शिंगणापूरला निघालेल्या कावडींच्या वाटेवर. गावाबाहेर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आणि त्याच्या काठावर शेंदराने माखलेली शिळा. आता ही राणू कोण, यावर पिढ्यान् पिढ्या भांडण. आमची पाटील आळी म्हणे, आमचे पूर्वज राणोजी सरदार. शेंदराखाली ते घोड्यावर बसलेत. तात्या म्हणत, राणू दगड फोडणारी बाई. तहानलेल्या कावडीवाल्यांसाठी तिनंच हे टाकं खोदलं. तात्या नोकरीपायी पाटणहून आलेले. आमचे काका सरपंच. ते चारचौघांत म्हणत, "पाटनचा मानूस आमाला आमच्या गावाचं नाव शिकवतोय!" मीही लहानपणी तात्यांच्या सायकलीमागे घोड्यासारखा खिंकाळत पळायचो. आज त्याची लाज वाटते.

तात्यांकडे पुरावा एकच. कावडीवाले पाणी पिण्याआधी शिळेवर दगडाने तीनदा टकटक करतात. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसंच हे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. निवृत्तीनंतर तात्या दर चैत्रात टाक्यावर ठाण मांडून बसत आणि येणाऱ्या प्रत्येक कावडीला कारण विचारत. एका म्हाताऱ्या कावडीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, "आमचा आजा म्हनायचा, छिन्नीसारखा आवाज करायचा, म्हंजी राणूला कळतंय आमी आलोय." तात्या मला गाठून विचारत, "सरदाराला कुनी छिन्नीच्या आवाजानं हाक मारतं व्हय रं?"

तीन वर्षांपूर्वी वेशीवर कमान बांधायचं ठरलं. काकांनी घोडेस्वाराचं चित्र व्हॉट्सॲपवर फिरवलंसुद्धा. ग्रामसभेत तात्या उठले. "शेंदूर उतरवा. घोडा निघाला तर मरूस्तवर राणूचं नाव काढनार न्हाई."

सभा हसली. मला हसू आलं नाही. राणूवर बोलायचं नाही, तर या माणसानं जगायचं कशाला?

"ठरलं," काका म्हणाले.

गुरवाने देवाची क्षमा मागून शिळेला कोमट तेल लावलं. सगळं गाव टाक्यावर लोटलं होतं. शेंदराच्या जाड खपल्या सुटू लागल्या आणि वर उगारलेला एक हात दिसला. "तलवार!" काका ओरडले. तात्या गर्दी सारून शिळेशी आले. गुरव मान वर न करता काम करत राहिला. पुढची खपली निघाली. उगारलेल्या हातात हातोडा होता, दुसऱ्या हातात छिन्नी. नेसूचा काष्टा मारलेला, पाठीशी पोर बांधलेलं. घोड्याचा पत्ता नव्हता.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, शिळेवर माथा टेकला आणि वळून म्हणाले, "तात्या, टपाल पोचलं रं."

जन्मभर बोलत आलेले तात्या त्या वेळी नुसते रडत होते. मग पोरांनी त्यांना खांद्यावर उचललं आणि हलगीच्या तालावर गावभर मिरवलं. त्यात सगळ्यात पुढे आमची पाटील आळी होती.

गेल्या पावसाळ्यात तात्या गेले. कमानीवर राणू उभी आहे, छिन्नी-हातोड्यासकट. यंदा चैत्रात पहिली कावड आली तेव्हा वाटलं, आता कावडीवाल्यांना कोण अडवणार? उन्हानं कावलेली माणसं टाक्याकडे धावली, तर पाण्याचा भरलेला तांब्या डोक्यावर उंच धरून काका वाटेत आडवे उभे.

"पानी मिळंल. आदी सांगा, या गावाला राणूटाके का म्हनत्यात?"