अकरा थांबे

स्टेशनच्या जिन्यापाशी नोटीस चिकटवली होती. रेल्वेपुलाच्या कामासाठी ही लाईन सोमवारपासून चौदा महिने बंद, प्रवाशांनी बसने जावे. लोक वाचत होते, चरफडत होते, पुढे जात होते. पाणीवाली ताई मात्र तिथंच थबकली. नुसता 'बस' हा शब्द वाचूनच तिला मळमळायला लागलं होतं.

तिला गाडी लागायची, अगदी लहानपणापासून. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाली ती दोन पिशव्या भरूनच पोचली, असं नवरा अजूनही चारचौघांत सांगायचा. रुळांवरची गाडी तेवढी तिला सोसायची. म्हणून तर त्यांनी स्टेशनला लागून असलेल्या दोन खोल्या घेतल्या होत्या, मग खिडक्या दिवसभर थरथरल्या तरी चालेल.

इस्पितळाच्या डायलिसिस विभागात ती एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांचं रक्त तिथं मशीनवर शुद्ध होई, आणि त्याला लागायचं पाणी निर्मळ हवं. पहिली पाळी सातला सुरू व्हायची. त्याआधी, सव्वासहाच्या आत पोचून, तिनं पाणी शुद्ध करणारं यंत्र चालू करायचं, पाण्यात क्लोरीन राहिलं नाही ना ते तपासायचं आणि सहाही मशिनी धुऊन घ्यायच्या. सकाळी हे करणारी ती एकटीच. पाणीवाली हे नाव त्यावरूनच पडलेलं.

"दुपारची पाळी मागून घे की," नवरा म्हणाला.

"दुपारवालीची आई अंथरुणाला खिळलीय. सकाळी तिला टाकून ती येणार कशी? आणि तुमच्या स्कूटरचं नाव काढू नका. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पहाटे स्कूटर काढाल, तर दोघंही पेशंट म्हणूनच पोचू."

रविवारी दोघांनी बसनं जाऊन पाहिलं. एक तास पस्तीस मिनिटं. बस प्रत्येक वळणावर कलंडायची. ताई दोनदा ओकली. नवऱ्यानं पाठ चोळली, पाणी पाजलं, आणि पहिल्यांदाच एकही विनोद केला नाही. त्यानं तर ती जास्तच घाबरली.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी पहाटे चारलाच उठली. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार, या हिशेबानं चहाही घेतला नाही. पण अकराव्या थांब्यानंतर डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढच्या चौकात ती कशीबशी उतरली आणि खांबाला धरून उभी राहिली. पुढच्या दोन बस तिनं समोरून जाऊ दिल्या. चढायचा धीरच होईना. शेवटी हमरस्त्यानं चालत सुटली.

पोचली तेव्हा सात वाजायला पाच मिनिटं होती. विभागाच्या पायरीवर चित्रकलेचे मास्तर बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दोन दिवसांच्या खंडानंतर सोमवारचा पहिला नंबर त्यांचाच. पाय सुजून बुटांबाहेर आले होते.

"ताई, तुम्ही आणि उशीर? मला वाटलं, माझंच घड्याळ बिघडलं."

ती तशीच आत धावली. घाई करून भागणार नव्हतं. पाण्याची तपासणी काही वाटेत अंधारी आलेल्या बाईकडे बघून लवकर आटपत नाही. मशिनी लागायला पावणेआठ झाले. अकराला पुढच्या पाळीचे लोक बाहेर ताटकळत होते, त्यामुळे मास्तरांचे चार तास सव्वातीनवर आले. मंगळवारी दुपारीच त्यांना धाप लागली म्हणून पुन्हा आणलं. प्राणवायू लावला, जादाचं डायलिसिस केलं, तेव्हा कुठं ते निवळले. डॉक्टरीण म्हणाली, "पाणीही जास्त प्यायलेत ते. सगळं स्वतःवर ओढून घेऊ नका." पण ताईचं मन मानेना. धाप लागून ताणलेली मास्तरांची मान तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

मंगळवारी ती टॅक्सीनं आली होती. डोकं खिडकीबाहेर, जीव मुठीत. रोज टॅक्सी परवडणारी नव्हती, म्हणून बुधवारी पुन्हा बस धरली, पण या वेळी अंधारी यायच्या आधी, अकराव्या थांब्यालाच उतरली. तिच्याबरोबर सात-आठ बायकाही उतरल्या आणि हमरस्ता सोडून गोदामांमागच्या बोळात शिरल्या. ताईनं शेवटच्या बाईला हाक मारली.

"अहो, ही वाट कुठं जाते?"

"आमच्या रंगाच्या कारखान्याकडे. तुम्हाला कुठं जायचंय?"

"इस्पितळात."

"मग चला की. नाल्यावरचा पूल ओलांडला की तुमची मागची भिंतच. पण पाय जपून टाका, मधल्या दोन फळ्या नाहीत."

बोळात दिवा नव्हता, कुत्री गुरगुरत होती. पुलावर ताईनं त्या अनोळखी बाईचं मनगट असं घट्ट धरलं की ती म्हणाली, "अहो, पडलात तर मलाही घेऊन पडाल!" पण पलीकडे खरंच इस्पितळाची भिंत होती, आणि भिंतीत कपडे धुण्याच्या खात्याचं दार. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

तीच वाट तिनं धरली. कारखान्याच्या बायका अकराव्या थांब्याला तिची वाट बघत. कधी ती फिकट पडून उतरली की कुणीतरी तिची पिशवी घेई. नवऱ्यानं दोन फळ्या कापून दिल्या, आणि कारखान्यातल्या सुताराकडून बायकांनी त्या पुलावर ठोकून घेतल्या. मास्तरांना आता पायरीवर बसावं लागत नव्हतं.

तरी भीती काही गेली नाही. दहावा थांबा आला की ती उठून दाराशी जाऊन उभी राही. चौदाचे सतरा महिने झाले, मग लाईन सुरू झाली. पहिल्या दिवशी ताई रिकाम्या डब्यात खिडकीशी बसली. पोट शांत होतं. गाडी त्या रेल्वेपुलावर जरा थांबली, तशी ती ताडकन उठून दाराशी गेली आणि इथून चालत किती वेळ लागेल, ते मनात मोजू लागली.