काल्हेरमधला आयरिश किल्ला

दिवाळी संपली तरी आमच्या सोसायटीतल्या किल्ल्याची माती गेटजवळ पडून असते. ती कोणी उचलत नाही. किल्ला कमिटीचे किस्सेही तसेच साचत जातात. यंदा मात्र डोक्यावरून पाणी गेलं!

कमिटीचे प्रमुख म्हात्रेकाका. त्यांची मुलगी स्मिताताई आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिने तिच्या काउंटीतल्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातल्या, जुन्या किल्ल्यांचे फोटो पाठवले आणि काकांनी जाहीर केलं, "यंदा फॉरेनचा किल्ला!" काम मला मिळालं. कारण काय, तर "ही पोर बोलत न्हाय, म्हणजे काम करंल."

फोटोत पडका बुरूज होता, त्यावर वेली, खाली मेंढ्या. कमिटीने तो गंभीरपणे पाहिला. खजिनदारांनी विचारलं, "एवढी मोक्याची जागा! रिडेव्हलपमेंटला का नाही देत?"

कोणीही हसलं नाही.

वेलींसाठी मी भिंतीवर अळीव पेरला. चार दिवसांत तो सुंदर उगवला. पाचव्या दिवशी मंदाकाकूंनी, म्हणजे काकांच्या मिसेसनी, सगळा उपटला. "सणाचे पाहुणे येणार, आणि भिंतीला गवत? लोक काय म्हणतील!"

मेंढ्या बाजारात मिळाल्या नाहीत. काकांनी मागच्या वर्षीचा मातीचा वाघ आणून ठेवला.

मी हळूच म्हटलं, "काका, आयर्लंडमध्ये वाघ नसतात."

"नसतील. आपल्याकडं एक्स्ट्रा हाय ना!"

मग दारावर दोन मावळेही उभे राहिले. "मावळ्यांशिवाय किल्ला म्हणजे गोडाऊन!" हे बोलले काका, जे स्वतः तीन गोडाऊनचे मालक आहेत.

मी सगळं सोसलं, कारण मला फक्त बुरूज हवा होता. तिकडच्या खऱ्या बुरुजाच्या फुटक्या खिडकीखाली स्मिताताई सुट्टीच्या दिवशी डबा खाते. फोनवर ती म्हणाली होती, "ती खिडकी जमली ना, तर मी एका नजरेत ओळखीन." बुरूज बांधायला एक दुपार लागली. फोटोसारखा मोडायला तीन लागल्या. चमच्याने एकेक ढेकूळ काढलं. शेवटी खिडकीतून खरंच आभाळ दिसलं.

येणारे-जाणारे विचारायचे, "अर्धाच राहिला का गं?"

दिवाळीच्या सकाळी ताईचा रात्रपाळीतून व्हिडिओ कॉल येणार होता. मी धावत खाली गेले. काकांच्या गोडाऊनचा मिस्त्री हात धूत होता. बुरूज गोल, गुळगुळीत, गुलाबी ऑइलपेंट लावलेला. खिडकी सिमेंटने बंद.

काका खुशीत होते. "घाबरू नको गो. तुझं राहिलेलं काम आम्ही पुरं केलं!"

तेवढ्यात कॉल आला. काकांनी फोन किल्ल्यासमोर धरला. ताई बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे, बाबा. कुठला हा?"

काकांनी फोन माझ्याकडे वळवला. "सांग गो हिला! दोन वर्सं तिकडं राहते, अन् गावचा किल्ला वळखत न्हाय!"